मानेतील स्पंदने : रक्ताभिसरणाच्या विकारातील एक दुर्लक्षित तक्रार

प्रस्तावना

मराठी भाषेत संतापलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा फुगतात आणि डोके दुखू लागले की कपाळाची शीर ताडताड उडते. फुगणे आणि उडणे या दोन क्रिया बोलीभाषेने अचूकपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. परंतु ज्या वाहिन्यांमध्ये त्या घडतात त्या दोहोंना 'शीर' हे एकच नाव दिले आहे. वैद्यकशास्त्रात हा भेद निर्णायक ठरतो. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. सामान्यतः रोहिणी उडते, नीला फुगते. आणि मानेत या दोन्ही वाहिन्या एकमेकींना खेटून, त्वचेपासून फार खोल नसलेल्या पातळीवर असल्यामुळे हृदयाच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंचे वर्तन तेथे एकाच ठिकाणी प्रकट होते.

रक्ताभिसरणाचा विकार असलेल्या अनेक रुग्णांची पहिली तक्रार छातीची नसून मानेची असते. रात्री कुशीवर वळले की उशीतून ठोके ऐकू येतात, गळ्याभोवती कोणी हात आवळून धरल्यासारखे वाटते, शर्टाचे वरचे बटण सहन होत नाही, खाली वाकले की मान व चेहरा भरून येतो, अशा शब्दांत ती सांगितली जाते. छातीतील दुखण्याला जे गांभीर्य आपोआप लाभते ते या तक्रारीच्या वाट्याला येत नाही. मणक्याची झीज, पित्त, 'गॅस' किंवा मनाचा कमकुवतपणा यांपैकी एखाद्या सदरात तिची नोंद होते आणि रुग्ण, विशेषतः स्त्री रुग्ण, ती पुन्हा उच्चारण्याचे टाळू लागते. या संवेदनेमागील शरीरक्रिया कोणती, तिच्या निरनिराळ्या रूपांवरून काय ओळखता येते आणि तिच्यासह दैनंदिन जीवन कसे जगावे लागते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका मानेतील दोन प्रवाह

मानेच्या प्रत्येक बाजूस असलेली ग्रीवा-रोहिणी, म्हणजेच कॅरोटिड, मेंदूकडे रक्त नेते. डाव्या निलयाच्या प्रत्येक आकुंचनासरशी तिच्यात एक जोरकस लाट येते. बोट ठेवल्यास ती स्पष्ट लागते. तिच्या शेजारची अंतर्ग्रीवा नीला, म्हणजे इंटर्नल जुग्युलर, डोक्याकडील रक्त खाली आणते. उजव्या बाजूची ही नीला जवळजवळ सरळ रेषेत हृदयाच्या उजव्या अलिंदास जाऊन मिळते. त्यामुळे ती एखाद्या दाबमापक नळीप्रमाणे वागते. अलिंदातील दाब वाढला की मानेतील रक्तस्तंभाची उंची वाढते, कमी झाला की घटते. निरोगी माणूस ताठ बसला असता हा स्तंभ गळपट्टीच्या हाडाच्या वर सहसा दिसत नाही. तोच आडवा झाला की नीला भरलेली दिसते. म्हणून मानेची तपासणी करताना रुग्णास सुमारे पंचेचाळीस अंशांच्या उतारावर टेकवून बसवतात.

उंची मोजण्याची रीत विलक्षण साधी आहे. गळ्याच्या खळग्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर खाली, छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा बोटास लागतो. माणूस बसलेला असो वा टेकलेला, उजव्या अलिंदाचा मध्य या उंचवट्याच्या साधारणतः ५ सेंटिमीटर खाली असतो असे धरले जाते. सर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हे मापन रूढ केले. नीलेतील स्पंदनाचे वरचे टोक या उंचवट्यापेक्षा ३ सेंटिमीटरहून अधिक उंच दिसले, तर दाब वाढलेला आहे असे समजतात. त्यासाठी एक पट्टी, पुरेसा उजेड आणि दोन मिनिटांचा संयम लागतो. तिसरी गोष्ट आजच्या बाह्यरुग्ण विभागात सर्वांत दुर्मिळ आहे.

दिसणारे स्पंदन रोहिणीचे की नीलेचे हे ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. रोहिणीचा ठोका एकेरी व बाहेर फेकल्यासारखा असतो आणि बोटास लागतो. नीलेचे स्पंदन बहुधा दुहेरी, लहरत जाणारे असते. ते डोळ्यास दिसते, पण बोटास क्वचितच लागते. श्वास आत घेताना ते खाली उतरते, बसल्यावर नाहीसे होते आणि मानेच्या मुळाशी हलका दाब दिल्यास थांबते. रोहिणीवर यांपैकी कशाचाही विशेष परिणाम होत नाही.

मानेचे वाचन : एक विस्मृत परंपरा

मानेच्या नीलांमधील स्पंदन आणि हृदयाच्या उजव्या भागाचे प्रसरण यांचा संबंध इटालियन वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चिसी यांनी वर्णिला. त्यांच्या मृत्यूनंतर, १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो आढळतो. तथापि या निरीक्षणाचे रूपांतर शास्त्रात करण्याचे श्रेय विद्यापीठातील कोणा प्राध्यापकाकडे नव्हे, तर इंग्लंडमधील बर्नली या गिरणगावात सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या डॉ. जेम्स मॅकेंझी यांच्याकडे जाते. हृदयविकार असलेली एक तरुण स्त्री बाळंतपणात त्यांच्या देखत दगावली. कोणत्या हृदयरोगी स्त्रीस प्रसूती झेपेल आणि कोणत्या नाही हे आधी सांगता येत नाही, या असमाधानातून त्यांनी नाडीचा अभ्यास आरंभिला. मनगटाची नाडी व मानेच्या नीलेचे स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटविणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. पुढे लँकशायरमधील एका घड्याळजीच्या साह्याने त्याची शाईने लिहिणारी आवृत्तीही तयार करवून घेतली. नीलेच्या आलेखातील ज्या लहरींना त्यांनी 'ए', 'सी' व 'व्ही' ही अक्षरे दिली, ती आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकावी लागतात. 'ए' लहर अलिंदाच्या आकुंचनाची, 'व्ही' लहर अलिंद रक्ताने भरत असतानाची. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नाडीविषयक ग्रंथात हे सारे विवेचन आले आहे.

मॅकेंझींच्या कामाचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या यंत्रापेक्षा चिकाटीत होते. एकाच गावात राहिल्यामुळे एकेका रुग्णाच्या मानेकडे ते वर्षानुवर्षे पाहू शकले. संधिज्वराने हृदयाची झडप अरुंद झालेल्या एका स्त्रीच्या आलेखातील 'ए' लहर १८९० च्या दशकाच्या अखेरीस एकाएकी नाहीशी झाली आणि नाडी कमालीची अनियमित झाली. अलिंदाने आकुंचन पावणे थांबविले आहे, हे मॅकेंझींनी त्या रिकाम्या जागेवरून ताडले. ते थांबण्याचे खरे स्वरूप, म्हणजे अलिंदाचे अनियमित थरथरणे, १९०९ मध्ये लुईस यांनी विद्युत्-हृदयालेखाच्या आधारे दाखवून दिले. आलेखात जे उमटले नाही त्यावरून निदानाची दिशा मिळाली, असे हे वैद्यकेतिहासातील एक नमुनेदार उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखविणारी प्रतिध्वनी तपासणी सर्वत्र पोहोचली आणि मानेकडे पाहण्याची सवय हळूहळू सुटली. हा बदल पूर्णतः अनिष्ट म्हणता येणार नाही, कारण झडपेची गळती मोजण्यात चित्र मानेपेक्षा अनेक पटींनी अचूक असते. परंतु २००१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हृदय-दुर्बलतेच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मानेच्या नीलांमधील वाढलेला दाब ही नुसत्या डोळ्यांनी टिपलेली खूण रुग्णाच्या भवितव्याशी स्वतंत्रपणे निगडित असल्याचे आढळले. ज्यांच्या माना भरलेल्या होत्या त्यांना रुग्णालयात दाखल होण्याचा व मृत्यूचा धोका अधिक होता.

फुगलेली शीर : दाबाची तक्रार

गळ्यात दाब वाटणे ही नीलेची तक्रार असते. उजव्या अलिंदाकडे येणाऱ्या रक्तास पुढे जाता येत नसेल, तर ते मागे साठते. पाय सुजतात, यकृत मोठे होते, पोट फुगते आणि मानेच्या नीला भरून राहतात. पुढे वाकल्यास छाती व पोटातील दाब आणखी वाढतो. हृदय-दुर्बलतेच्या काही रुग्णांना वाकल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागते, हे निरीक्षण २०१४ मध्ये स्वतंत्र लक्षण म्हणून नोंदले गेले. केर काढणे, रांगोळी घालणे, जमिनीवर बसून भाजी चिरणे या कामांत दिवस घालविणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत या लक्षणाचा अर्थ सहज लक्षात येण्यासारखा आहे. ती 'वाकवत नाही' असे म्हणते, आणि ऐकणारा कंबरेचा विचार करतो.

उजव्या अलिंद व निलयामधील त्रिदली झडप गळू लागली, तर दाबाच्या जोडीला ठोकाही येतो. निलयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्ताचा काही भाग उलट दिशेने अलिंदात आणि तेथून मानेच्या नीलेत उसळतो. ही 'व्ही' लहर इतकी मोठी होऊ शकते की प्रत्येक ठोक्यास कानाची पाळी हलताना दिसते. एरवी केवळ फुगणारी शीर येथे उडूही लागते, आणि बोलीभाषेने केलेला भेद कोलमडतो. अशा रुग्णास ठोका घशात व डोळ्यांमागे जाणवतो. आरशासमोर उभे राहणे नकोसे होते. ही झडप पुष्कळदा स्वतः रोगग्रस्त नसते. हृदयाच्या डाव्या बाजूचा विकार, फुफ्फुसातील वाढलेला दाब किंवा दीर्घकाळ टिकलेले अलिंदाचे थरथरणे यांमुळे हृदयाचा उजवा भाग ताणला जातो आणि झडपेची पाने एकमेकांस पुरेशी भिडेनाशी होतात. चुलीच्या धुरात उमेद सरलेल्या फुफ्फुसांचा भारही शेवटी याच झडपेवर येऊन पडतो.

त्रिदली झडपेस शल्यविशारद दीर्घकाळ 'विस्मृत झडप' म्हणत आले. उघडी शस्त्रक्रिया धोक्याची आणि औषधांत प्रामुख्याने मूत्रल गोळ्या, अशी परिस्थिती होती. मांडीच्या नीलेतून नळी घालून झडपेची पाने चिमट्याने जोडण्याच्या पद्धतीची यादृच्छिक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३५० रुग्ण होते. वर्षभरात मृत्यूच्या किंवा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक पडला नाही; मात्र रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीनुसार त्यांचे जगणे स्पष्टपणे सुसह्य झाले होते. २०२४ मध्ये या उपकरणास अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाची स्वतःची साक्ष एखाद्या उपचाराच्या यशाचे मुख्य प्रमाण ठरावी काय, यावर हृदयरोगतज्ज्ञांत मतभेद आहेत. चाचणीत कोणावर कोणता उपचार झाला हे रुग्णांना ठाऊक होते, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही ज्या विकाराचा मुख्य जाच संवेदनेच्या स्वरूपात असतो, त्याचे मोजमाप संवेदना वगळून करता येणार नाही.

दाब आहे, शिरा टचटचीत फुगलेल्या आहेत, पण त्यांत स्पंदन अजिबात नाही आणि बसल्यावरही त्या उतरत नाहीत, असे चित्र निराळे व अधिक चिंताजनक असते. येथे अडथळा हृदयात नसून वरच्या महानीलेत, छातीतील गाठीमुळे किंवा रक्ताच्या गुठळीमुळे आलेला असू शकतो. विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये या अडथळ्याचे वर्णन केले होते. चेहरा सुजणे व गळपट्टी एकाएकी घट्ट होणे या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णास थांबवून ठेवू नये. क्षयाने हृदयाभोवतीचे आवरण जाड व कडक झाल्यास श्वास आत घेताना मानेतील स्तंभ उतरण्याऐवजी चढतो. कुसमाउल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण भारतात विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे या विकाराचे क्षय हे एक प्रमुख कारण आहे आणि मानेकडे न पाहिल्यास असा रुग्ण यकृताच्या रोगाचा समजून वर्षभर उपचार घेत राहतो.

उडणारी शीर : ठोक्याची तक्रार

डब्लिनचे डॉ. डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ मध्ये महारोहिणीच्या झडपेच्या गळतीवर निबंध लिहिला. त्यातील वर्णनाचा गाभा मानेत व बाहूंत उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या उसळत्या रोहिणींचा आहे. डाव्या निलयाने बाहेर फेकलेल्या रक्ताचा काही भाग गळक्या झडपेतून मागे परततो. पुढील ठोक्यास निलयाला नेहमीपेक्षा अधिक रक्त फेकावे लागते. म्हणून रोहिणीतील लाट उंच चढते आणि तितक्याच वेगाने कोसळते. रक्तदाबाचे दोन आकडे एकमेकांपासून दूर जातात. वरचा १६० तर खालचा ५० अशा नोंदी दिसतात. रुग्णास हा चढउतार मानेत, कानांत, कपाळात जाणवतो, आणि डाव्या कुशीवर निजल्यास तो असह्य होतो.

फ्रेंच कवी आल्फ्रे द म्युसे (१८१०–१८५७) यांचे मस्तक प्रत्येक ठोक्यासरशी किंचित हलत असे. त्यांचे बंधू पॉल यांनी चरित्रात नोंदविले आहे की, घरातील माणसांनी ही गोष्ट लक्षात आणून दिली तेव्हा कवीने अंगठा व बोट मानेवर दाबून ते हलणे थांबवून दाखविले. हा उपाय म्युसे यांनी विनोदाने केला असला, तरी अनुकरणीय नव्हे. ग्रीवा-रोहिणीवर स्वतः दाब देणे धोक्याचे असते; उतारवयात तिच्या अस्तरावर साचलेला थर सुटून पक्षाघात होऊ शकतो. १९०० मध्ये या खुणेस म्युसे यांचेच नाव देण्यात आले.

झडपांच्या या नुकसानीचे भारतातील एक मोठे कारण संधिज्वर हे राहिले आहे. शालेय वयात घशास होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर काही मुलांना ताप व सांधेदुखी येते. सांधे बरे होतात, झडपा मात्र पुढील वीस वर्षे हळूहळू विद्रूप होत राहतात आणि रोग पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात उघड होतो. बर्नलीतील ती तरुण स्त्री आजच्या ग्रामीण प्रसूतिगृहास अपरिचित नाही. प्रतिबंधाचा उपाय जुना व स्वस्त आहे : दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, दीर्घ वर्षे. युगांडातील मुलांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लक्षणे नसलेल्या प्रारंभिक अवस्थेत हे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत केवळ ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. जागतिक आरोग्य सभेने या रोगाविषयीचा ठराव २०१८ मध्ये संमत केला. इंजेक्शन दुखते, आणि दुखणे नसताना ते घ्यावे लागते. उपचार अर्ध्यावर सुटण्याचे कारण बहुधा एवढेच असते.

मात्र मानेत ठोका जाणवणे म्हणजे झडपेचा रोग, असे समीकरण मांडता येत नाही. ताप, गर्भारपण, गलग्रंथीचा अतिस्राव आणि पंडुरोग यांतही रक्तप्रवाह वेगवान होऊन मान उडू लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, हे ध्यानात घेता हृदयाच्या महागड्या तपासण्यांपूर्वी रक्ताची साधी तपासणी करणे शहाणपणाचे. उच्च रक्तदाब असलेल्या वयस्क स्त्रियांत उजव्या गळपट्टीच्या वर एक उडणारी गाठ दिसते व घरात घबराट उडते. पुष्कळदा ती लांबून वळण घेतलेली रोहिणी असते आणि निरुपद्रवी ठरते.

एकाएकी येणारे ठोके

आतापर्यंत वर्णिलेल्या विकारांत तपासणीच्या वेळी काही ना काही दिसते. ज्या विकारात दोन झटक्यांच्या मधल्या काळात काहीच दिसत नाही, तेथे रुग्णाच्या शब्दावर सर्वाधिक भार पडतो. अलिंद व निलय यांच्या सीमेवरील विद्युत्-गाठीत काही व्यक्तींना जन्मतःच दोन वाटा असतात, एक जलद व एक मंद. एखादा अवेळी ठोका एका वाटेने उतरून दुसरीने परत चढला की विद्युत्-लाट वर्तुळात फिरू लागते आणि हृदयगती क्षणार्धात मिनिटास १५० ते २५० वर जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा प्रकार सुमारे दुप्पट आढळतो.

या वर्तुळामुळे अलिंद आणि निलय जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात. त्या क्षणी त्रिदली झडप मिटलेली असते. पुढे जाण्यास वाट नसल्यामुळे अलिंदातील रक्त प्रत्येक ठोक्यास मानेच्या नीलेत उलटे उसळते. मानेची त्वचा बेडकाच्या गळ्याप्रमाणे जलद व नियमितपणे उडते. इंग्रजी वैद्यकात या खुणेस बेडकाचेच नाव आहे. १९९२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी मानेतील जलद व नियमित ठोक्यांची ही तक्रार आणि हृदयातील प्रत्यक्ष दाब यांचा मेळ घालून दाखविला. छातीतील धडधड अनेक विकारांत असते, परंतु 'मानेत भराभर, एकसारखे ठोके पडतात' हे वाक्य या विकाराकडे बोट दाखविते. अलिंद ताणले गेल्याने मूत्र वाढविणारे संप्रेरक स्रवते व झटक्यादरम्यान किंवा त्यानंतर भरपूर लघवी होते. ही दुसरी खूण रुग्ण संकोचाने सांगत नाही आणि वैद्य सहसा विचारीत नाही.

झटका काही मिनिटांत वा तासांत थांबतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी, रक्तदाब व हृदयालेख सारे नेहमीसारखे झालेले असतात. हात थरथरत असतात, घाम आलेला असतो, बोलताना रडू येते. निदान तयारच असते. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या गटातील हृद्गतीचा विकार सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला गेला. त्यांपैकी ५५ टक्के रुग्णांत प्रथम तपासणीत विकार ओळखला गेला नव्हता आणि तो ओळखला जाईपर्यंत गेलेल्या काळाचा मध्यांक ३.३ वर्षे होता. ६७ टक्के रुग्णांची लक्षणे भयाच्या झटक्याच्या मानसशास्त्रीय निकषांत बसत होती. ज्यांचे निदान चुकले त्यांच्यातील स्त्रियांपैकी ६५ टक्के जणींची तक्रार चिंता, भय वा ताण यांच्या खाती टाकण्यात आली होती. पुरुषांत हे प्रमाण ३२ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ भयाचा विकार खोटा असतो असा नव्हे; तोही खरा व उपचारयोग्य विकार आहे. भय आधी व ठोके नंतर, की ठोके आधी व भय नंतर, हा क्रम विचारला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मिनिटास १९० ठोके मानेत पडत असताना कोणीही घाबरेल.

निदानाची गुरुकिल्ली म्हणजे झटका चालू असताना काढलेला हृदयालेख. चोवीस तासांची नोंद घेणारे यंत्र महिन्यातून एकदा येणाऱ्या झटक्यास सहसा पकडू शकत नाही. त्यापेक्षा जवळच्या दवाखान्यास आधी कल्पना देऊन झटक्यात तत्काळ पोहोचणे किंवा भ्रमणध्वनीस जोडता येणाऱ्या लहान उपकरणाने नोंद घेणे फलदायी ठरते. झटका थांबविण्यासाठी श्वास कोंडून जोर देण्याची जुनी युक्ती आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील ४२८ रुग्णांवरील चाचणीत तिची सुधारित रीत तपासली गेली : बसून पंधरा सेकंद नळीत जोराने फुंकणे आणि लगेच उताणे होऊन कोणाकडून तरी दोन्ही पाय उचलून धरवणे. बसूनच केलेल्या जुन्या रीतीने १७ टक्के, तर सुधारित रीतीने ४३ टक्के रुग्णांची हृदयगती पूर्ववत झाली. ही रीत प्रथम वैद्याच्या देखरेखीखाली शिकून घ्यावी. कायमच्या उपचारात नळीच्या टोकाने मंद वाट उष्णतेने बंद केली जाते. त्यात यश ९५ टक्क्यांहून अधिक असते. मूळ विद्युत्-मार्गास इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याची शक्यता शंभरात सुमारे एक किंवा त्याहून कमी असते. ज्या स्त्रीने दहा वर्षे केवळ 'नाजूक स्वभावाची' म्हणून काढली, तिची व्याधी काही तासांच्या उपचाराने संपते, ही घटना वैद्यकीय यशाइतकीच त्या दहा वर्षांविषयीही काही सांगते.

पेसमेकर बसविलेल्या काही रुग्णांतही मानेतील ठोक्यांची तक्रार उद्भवते. यंत्र केवळ निलयास चालना देत असेल, तर अलिंद कधीकधी मिटलेल्या झडपेवर आकुंचन पावते आणि तीच उलटी लाट मानेत येते. यंत्र 'उत्तम चालले आहे' असा अहवाल असतानाही रुग्ण बेचैन का, याचे उत्तर येथे मिळते. यंत्रातील मांडणी बदलून किंवा अलिंदातही तार बसवून हा त्रास दूर करता येतो.

ठोक्यांसह जगताना

स्वतःच्या हृदयाचा ठोका सतत जाणवणे ही थकविणारी अवस्था आहे. दिवसाच्या गोंगाटात तो विसरता येतो. रात्री कान उशीस टेकला की त्याचे राज्य सुरू होते. उजव्या कुशीवर निजणे, उशी उंच करणे, खोलीत पंख्याचा एकसुरी आवाज असू देणे हे उपाय रुग्ण स्वतःच शोधून काढतात. उशांची संख्या दोनावरून तीन झाली, ही बाब मात्र वैद्यास सांगण्याची आहे. ती सवय नसून दाब वाढल्याची खूण असू शकते. रोज सकाळी, लघवी झाल्यावर व न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोग्रॅमहून अधिक वाढ झाल्यास ते शरीरात साठलेले पाणी असते. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चमच्याहून कमी. भाजीत मीठ कमी घालून पानात लोणचे, पापड व सुकी चटणी वाढल्यास या मर्यादेस अर्थ उरत नाही.

अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यांस आणखी एक गोष्ट जाणवते. मोठ्या वर्गात आवाज चढवून बोलताना छातीतील दाब वाढतो आणि नीलेतील रक्ताची परतवाट क्षणभर अडते. मान भरून येते, व्याख्यान लांबले की डोके जड होते. निरोगी वक्त्यासही हे घडते, पण ज्याच्या नीलांतील दाब आधीच वाढलेला आहे त्याला तासाच्या अखेरीस खुर्चीचा आधार लागतो. ध्वनिक्षेपकाची व्यवस्था आणि बसून शिकविण्याची मुभा या सवलती किरकोळ आहेत, तरी त्या मागण्यासाठी आजार जाहीर करावा लागतो, आणि तेच अनेकांना नको असते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाने बसून शिकविले तर ते आळसाचे गणले जाते. गळ्यातील टाय, मंगळसूत्राची आखूड वाटी, थंडीतील बंद गळ्याचा स्वेटर यांना दिलेला नकारही घरात लहरीपणा ठरतो.

वैद्याकडे जाताना तक्रार कशी सांगावी, यालाही महत्त्व आहे. ठोका एकदम सुरू होऊन एकदम थांबतो की हळूहळू चढतो व उतरतो. नियमित की अनियमित. बसल्यावर कमी होतो की वाढतो. मनगटाची नाडी त्याच वेळी मोजली असता किती भरते, एवढी टिपणे वहीच्या एका पानावर मावतात. घरातील कोणी झटक्याच्या वेळी मानेचे चलचित्र भ्रमणध्वनीवर टिपून ठेवल्यास मॅकेंझींचे अर्धे काम होते. ठोक्यांसोबत शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, बोलता न येण्याइतकी धाप लागणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही घडल्यास मात्र टिपण करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.